राजमातेची साक्ष

नाशिकच्या पांडवलेण्यांत, ३ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर एक आई आपल्या मुलाची थोरवी सांगते आहे. आईचं नाव गौतमी बलश्री, मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. बहुतेक अभ्यासकांच्या मते लेख कोरला तेव्हा मुलगा हयात नव्हता. नातू पुळुमावी गादीवर होता आणि त्याच्या राज्याचं १९ वं वर्ष चालू होतं.

बलश्री सांगते: माझ्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. त्यानं शक, यवन, पह्लवांचा पाडाव केला, क्षहरातांचा वंश मुळासकट उपटला. त्याच लेखात असंही आहे की अपराधी शत्रूचासुद्धा जीव घेणं त्याला रुचत नसे. वंश उपटला तो कसा, हे मात्र ती सांगत नाही! आणि हो, आईच्या सेवेत त्यानं कधी कसूर केली नाही, हेही ती आवर्जून कोरून घेते.

अशा साक्षीवर विश्वास ठेवायचा किती?

बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपुढे अभ्यासक हाच प्रश्न घेऊन बसलेले असतात. येशूला क्रुसावर दिलं ते इ.स. ३० च्या सुमारास. मार्कचं शुभवर्तमान चारांत सर्वांत जुनं मानतात, तेही साधारण इ.स. ७० चं. म्हणजे मध्ये ४० वर्षं गेली. लूक तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून हे आपल्यापर्यंत आलं. चारही ग्रंथ लिहिणारे भक्त, आणि भक्ताची साक्ष आईच्या साक्षीसारखीच मायेनं भिजलेली असते.

बलश्रीच्या बाबतीत पुरावा जमिनीतून वर आला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक! पाद्री एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली. सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला निघाला; हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच जिंकणाऱ्याची मोहोर. आई वाढवून बोलत असेल, पण मुलानं नहपानाची सत्ता मोडली हे तिनं खरंच सांगितलं होतं. तीन समुद्रांबद्दल नाणी काही बोलत नाहीत, आईच्या सेवेबद्दल तर नाहीच नाही.

१९६१ मध्ये इस्राएलमधल्या कैसरियाला एक दगड मिळाला, त्यावर पंतय पिलाताचं नाव आहे. येशूला ज्याच्यापुढे उभं केलं तो रोमन सुभेदार खरोखर होऊन गेला, याची ही दगडी पावती. येशूच्या रिकाम्या कबरेबद्दल तो दगड गप्प आहे. त्यानं सगळंच सिद्ध झालं म्हणणारे आणि त्याला काहीच किंमत न देणारे, दोघंही घाई करतात असं मला वाटतं.

मला स्वतःला ओढ लागते ती त्याच ओसरीतल्या दुसऱ्या लेखांची. गौतमीपुत्रानं राज्याच्या १८ व्या वर्षी भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन दिली. ही जमीन आधी उषवदाताकडे होती असं लेखच सांगतो. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई, त्याचे स्वतःचे दानलेख त्याच डोंगरातल्या १० क्रमांकाच्या लेण्यात आहेत. शत्रुपक्षाचा कागद हाताशीच! पुढे २४ व्या वर्षी राजा आणि राजमाता मिळून नवा हुकूम काढतात: दिलेलं शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती नाही, तेव्हा नगराच्या शिवेवरची आमची १०० निवर्तनं घ्या. फसलेलं दान राजा दगडावर कोरून ठेवतो! बढाईसाठी असलं काही कोणी रचत नाही.

शुभवर्तमानं वाचणारेही अशाच अडचणीच्या जागा हुडकतात. शिष्यांतला अग्रणी पेत्र, आणि त्यानंच तीनदा येशूची ओळख नाकारली. कबर रिकामी असल्याचं पहिल्यांदा सांगतात त्या स्त्रिया, आणि तेही त्यांच्या शब्दाला फारसं वजन नसलेल्या समाजात. रचायचंच असतं तर यापेक्षा सोयीचं रचलं असतं, असा हा युक्तिवाद. तो निर्णायक नाही, पण बिनतोड नसलेले युक्तिवादही कामाला येतात.

लेण्यातला दगड मूळचाच आहे. शुभवर्तमानांची मूळ प्रत एकही उरलेली नाही. मात्र नकला इतक्या आहेत की एकीतली चूक दुसरीवरून पकडता येते. त्याच पहिल्या शतकातला एक ग्रीक ग्रंथ, तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहिती देणारा ‘पेरिप्लस’, त्याबाबतीत कमनशिबी. त्यात पैठण आहे, तेर आहे, भडोचचं बंदर आहे. पण त्याची आधाराला धरावी अशी हस्तलिखित प्रत एकच, दहाव्या शतकातली, हायडेलबर्गला. तिच्यात त्या मुलखाच्या राजाचं नाव नक्कल करणाऱ्यांच्या हातून इतकं बिघडलं आहे की ते कुणाचं, हे ग्रीकवरून कळणं कठीण. अभ्यासकांनी त्यात नहपान ओळखला, कारण त्याचं नाव नाशिकच्या डोंगरात त्याच्या जावयानं नीट कोरून ठेवलं होतं.