मेलेल्या घोड्याचा हिशेब

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, विलामेट नदीच्या काठी पोर्टलंड नावाचे बंदर आहे. तिथे एक गोष्ट अजून सांगतात. साल १८९३. ‘फ्लाइंग प्रिन्स’ नावाचे जहाज सुटण्याच्या तयारीत आहे, पण खलाशी पुरेसे नाहीत. जोसेफ केली नावाचा दलाल रात्री माणसे हुडकत फिरतो आहे. गावाने त्याला ‘बंको’, म्हणजे ठकसेन, असे नाव ठेवले आहे. रस्त्याकडेच्या एका तळघरातून त्याला कण्हण्याचा आवाज येतो. दारूच्या शोधात निघालेली माणसे गुत्त्याचे तळघर समजून अंत्यविधीच्या सामानवाल्याच्या तळघरात शिरली आहेत आणि प्रेते टिकवण्यासाठी ठेवलेले रसायन पिऊन बसली आहेत. काही मेली आहेत, काही मरायला टेकली आहेत. केली त्या सगळ्यांना उचलून जहाजावर पोचवतो, ‘जरा जास्त प्यायलेत, सकाळी उठतील’ असे कप्तानाला सांगतो आणि डोईमागे पैसे मोजून घेतो. पहाटे जहाज नदीतून खाली निघते, तेव्हा कुठे कप्तानाला कळते की आपण प्रेते विकत घेतली. प्रेते किती? कुणी बावीस म्हणतो, कुणी चोवीस.

याच केलीची दुसरी गोष्ट याहून लाडकी आहे. एका जहाजाला एकच माणूस कमी पडत होता. तंबाखूच्या दुकानाबाहेर उभा असलेला रेड इंडियनाचा लाकडी पुतळा त्याने कांबळ्यात गुंडाळला आणि झिंगलेला खलाशी म्हणून विकला. कप्तानाने संतापून पुतळा पाण्यात फेकला आणि साठ वर्षांनी तो गाळ काढणाऱ्यांच्या यंत्रात सापडला, असे गोष्टीचे शेपूट आहे.

केली हा खरा माणूस होता. १८९४मधल्या एका खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली आणि सुटल्यावर, १९०८मध्ये, तुरुंगातल्या तेरा वर्षांवर त्याने पुस्तकही लिहिले. पण प्रेतांचे जहाज आणि लाकडी खलाशी या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या त्या स्ट्युअर्ट होलब्रुक या पत्रकाराकडून. १९३०च्या दशकात त्याने गुत्त्यांतल्या म्हाताऱ्यांकडून त्या ऐकल्या आणि छापल्या. दोन डझन प्रेते घेऊन एखादे जहाज निघाले असते, तर रोज वर्तमानपत्र निघणाऱ्या त्या गावात ओळभर तरी बातमी आलीच असती. त्या काळातली तशी नोंद संशोधकांना मिळालेली नाही.

पोर्टलंडची भुयारेही अशीच. बारमध्ये बसलेल्या खलाशाच्या पायाखालची फळी सरके, तो तळघरात पडे आणि भुयारातून थेट नदीकाठी नेला जाई, असे पर्यटकांना सांगितले जाते. जुन्या वस्तीत तळघरे आहेत, त्यांतली काही एकमेकांना जोडलेलीही आहेत. तिथे मालाची ने-आण होई. पण बार्नी ब्लालॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे आणि वर्तमानपत्रे चाळल्यावर भुयारांतून माणसे नेल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. ही कथा फोफावली ती १९७०च्या दशकापासून.

मी या गोष्टींच्या मागे लागलो तो त्या खोट्या ठरवण्यासाठी नाही. माणसे खरोखरच पळवली जात होती. शुद्ध आली तेव्हा किनारा दिसेनासा झालेला, अशी अवस्था अनेकांनी भोगली. इंग्रजीत या प्रकाराला ‘शांघाय करणे’ असे क्रियापदच तयार झाले. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ज्या धंद्यात सगळे व्यवहार कागदावर होत होते, त्याला भुयाराची गरज का पडावी?

धंदा असा चाले. पोर्टलंडहून गव्हाने भरलेली शिडाची जहाजे केप हॉर्नला वळसा घालून युरोपला जात. वाट महिनोन्महिन्यांची. जहाज बंदराला लागले की भरती होईपर्यंत कित्येक आठवडे उभे राही. त्या काळात खलाशांना फुकट पोसणे कप्तानाला नको असे. मग जेवण निकृष्ट, कामे मुद्दाम घाणेरडी, वागणूक कुत्र्याची. खलाशी कंटाळून किनाऱ्यावरच्या सुट्टीवरून परतत नसे. परतला नाही की कायद्याने तो फरारी ठरे आणि आजवरचा कमावलेला पगार बुडे. ती रक्कम जहाजाची बचत. धक्क्यावर खाणावळवाल्याचे हस्तक बाटली आणि गोड शब्द घेऊन उभेच असत. या खाणावळवाल्या दलालाला ‘क्रिम्प’ म्हणत. तो खलाशाला ठेवून घेई, जेवूखाऊ घाली, कपडे देई, दारू पाजी आणि सगळे उधारीत मांडी. पुढचे जहाज सुटायची वेळ आली की खलाशाकडून करारावर सही नाहीतर आंगठा घेई आणि पुढच्या एक-दोन महिन्यांच्या पगाराची उचल आपल्या खिशात टाकी. शिवाय कप्तानाकडून माणसामागे वेगळी रक्कम. तिला खलाशी ‘रक्ताचे पैसे’ म्हणत.

‘उचल’ या शब्दाचे वजन मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला विचारा. मुकादमाने दिलेली उचल कोयत्याने फेडायची असते, आणि हंगाम संपला तरी ती फिटतेच असे नाही.

शिडाच्या जहाजावर या उचलीलाही नाव होते: मेलेला घोडा. पहिला महिना खलाशी फुकट राबे, कारण त्या महिन्याचा पगार किनाऱ्यावरच उडालेला असे. मेलेल्या घोड्याला चाबूक मारायचा, तसली ती मेहनत. महिना संपला की कितीतरी जहाजांवर एक विधी होई. जुन्या शिडाचे कापड आणि गवत भरून घोडा बनवत, गाणे म्हणत त्याला डेकवरून ओढत, डोलकाठीच्या आडव्या दांडीला टांगत आणि दोर सोडून समुद्रात टाकत. मला ही प्रथा बंकोच्या साऱ्या करामतींहून मोलाची वाटते. ती खलाशांनी स्वतः रचली, आणि तिच्यात फळी सरकत नाही की भुयार लागत नाही. आपल्याला कुणी लुटले, कशात लुटले आणि किती दिवसांसाठी, याची त्यांना पुरती जाण होती.

गोष्टी मात्र किनाऱ्यावरच्या माणसांनी सांगितल्या. सॅन फ्रान्सिस्कोचा जेम्स केली (हा ‘शांघाय’ केली, बंकोशी त्याचा संबंध नाही) याच्याबद्दलची दंतकथा पाहा. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने म्हणे ‘गोलाया’ नावाची चाकाची आगबोट भाड्याने घेतली, वाढदिवसाची फुकट मेजवानी जाहीर केली, नव्वद माणसांना अफू घातलेली दारू पाजली आणि खाडीबाहेर थांबलेल्या तीन जहाजांना विकून टाकले. रिकामी बोट परत आणली तर बोभाटा होईल. पण नशीब असे की वाटेत ‘यँकी ब्लेड’ हे जहाज खडकावर फुटलेले दिसले. त्यावरची माणसे त्याने बोटीत घेतली आणि गर्दीत काही कुणाच्या लक्षात आले नाही. ‘यँकी ब्लेड’ खरोखर फुटले होते आणि ‘गोलाया’ने त्याची माणसे खरोखर वाचवली होती. फक्त ते घडले ऑक्टोबर १८५४मध्ये, म्हणजे कथेतल्या मेजवानीच्या जवळजवळ दोन दशके आधी. खऱ्या अपघाताची चौकट उचलून कुणीतरी तिच्यात शांघाय केलीला बसवले आहे.

गोष्टीला कोणाची गरज असते त्यावर खलाशाची शुद्धही ठरते. १६ ऑक्टोबर १८९१ रोजी चिलीतल्या वाल्पाराइसो बंदरात ‘बाल्टिमोर’ या अमेरिकी युद्धनौकेचे शंभरावर खलाशी सुट्टीवर उतरले. ‘ट्रू ब्लू’ नावाच्या गुत्त्यापाशी मारामारी पेटली, दोन खलाशी प्राणाला मुकले आणि दोन देश युद्धाच्या काठावर आले. कप्तान श्ली यांनी माझी माणसे प्यायलेली नव्हती असे ठासून सांगितले. देशाची अब्रू पणाला लागली होती. त्यांच्यानंतर तिथे गेलेले दुसरे कप्तान रॉबली इव्हान्स यांनी पुढे आठवणींत लिहिले की माणसे प्यायलेली असणारच, ती उतरलीच होती त्यासाठी. पण म्हणून त्यांना मारण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. चिलीने शेवटी ७५,००० डॉलर भरपाई दिली. या प्रकरणातले मला पटणारे वाक्य इव्हान्स यांचे आहे.

आता भुयाराच्या प्रश्नाचे उत्तर. त्यासाठी ‘अरागो’ जहाजाकडे जावे लागते. या जहाजावर सॅन फ्रान्सिस्कोत सही करून चढलेल्या चौघांना वागणूक सहन होईना, म्हणून ऑरेगनमधल्या अस्टोरिया बंदरात ते उतरून गेले. त्यांना पकडले, जहाज सुटेपर्यंत सोळा दिवस तुरुंगात ठेवले आणि मग बळजबरीने पुन्हा जहाजावर चढवले. तिथे त्यांनी काम करायला नकार दिला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा अटक झाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वेठबिगारीला बंदी घालणारी तेरावी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षे उलटली होती. १८९७मध्ये न्यायालयाने सांगितले की ती खलाशांना लागू होत नाही. त्यांचा करार प्राचीन काळापासून वेगळा मानला गेला आहे. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला.

फरारी खलाशाला पकडून आणण्याची तरतूद अमेरिकेत १७९०पासून होती. सही झालेल्या माणसाला शासनच जहाजावर पोचवत होते, तेही भर दिवसा, रस्त्यावरून. सरकणारी फळी नंतर आली, गोष्टीत. तिने कप्तानाला, मालकाला आणि न्यायाधीशाला गोष्टीतून बाहेर काढले आणि आत दोनच माणसे ठेवली: एक बिलंदर दलाल आणि एक दारुडा मूर्ख.

आपल्या मुंबईत या साऱ्याची एक खूण उभी आहे. रीगल सिनेमासमोर महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. त्या दगडी इमारतीच्या माथ्यावर पोलिसांशी काही संबंध नसलेला समुद्रदेव नेपच्यून कोरला आहे, कारण ती इमारत मुळात खलाशांसाठी बांधलेली ‘सेलर्स होम’ आहे. १८७०मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राने पायाभरणी केली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मोठी देणगी दिली आणि पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्या स्टीव्हन्सने आराखडा काढला. अशा गृहांमागे हेतू एकच: उतरलेला खलाशी दलालाच्या खाणावळीत पडू नये.

हा खलाशी युरोपी. रत्नागिरीकडून येऊन डेकवर राबणारे खलाशी, त्यांचे तांडेल आणि सारंग, भट्टीपुढचे आगवाले, सलूनमधले गोवेकर, यांच्यासाठी अपोलो बंदरावर असे काही नव्हते. गोवेकरांनी धोबीतलावाच्या परिसरात गावागावाची ‘कूड’ उभारली. एका मोठ्या खोलीत भिंतीलगत पेट्या, एका टोकाला गावच्या संताची वेदी, आणि पुढची बोट मिळेपर्यंत नाममात्र पैशांत पथारी. बाकीच्यांची गाठ नोकरी लावून देणाऱ्यांशी पडे. कलकत्त्यात तर घाट-सारंग हा अख्खा पेशाच होता: तोच ठेवून घेई, तोच कर्ज देई, तोच बोटीवर चढवी आणि पगारातून वसूल करी. १९२९मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगापुढे खलाशी भरतीतल्या लाचेचा विषय आला, तेव्हा तो फार जुना झालेला होता. पण या सारंगांवर कुणी गमतीदार दंतकथा रचल्या नाहीत. कदाचित कोकणात परतलेल्या माणसाभोवती पडवीत जमलेल्यांना बोटीच्या, देशोदेशींच्या गोष्टी हव्या असत, आणि घरच्या कर्जाची गोष्ट सांगायला तोही राजी नसे.

अमेरिकेत हे दुष्टचक्र मोडले ते १८८०च्या दशकात सुरू झालेल्या खलाशी संघटनेच्या रेट्यामुळे. नॉर्वेत जन्मलेले अँड्र्यू फ्युरुसेथ तिचे पुढारी. १८९५ आणि १८९८च्या कायद्यांनी अटकेची तरतूद आधी किनारी वाहतुकीत आणि मग देशातल्या बंदरांत संपवली. ४ मार्च १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नवा कायदा मंजूर केला आणि खलाशाला जहाज सोडून गेल्याबद्दल तुरुंगात टाकणे बंद झाले. परक्या जहाजांवरच्या खलाशांनाही अमेरिकी बंदरात तो आधार मिळाला.

फ्युरुसेथ यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि त्याच्या शेजारी सल आहे. आशियाई खलाशी त्यांना जहाजांवर नको होते. हुकूम समजणारी भाषा बहुसंख्य खलाशांना आलीच पाहिजे, ही त्या कायद्यातली अट त्याच हेतूने आलेली होती. तरीही कायद्याचा दरवाजा उघडताना त्यांना हवा तेवढाच उघडता आला नाही. हिंदुस्थानातून आलेले खलाशी न्यू यॉर्कला बोट सोडून शहरात मिसळू लागले. १९१७च्या स्थलांतर कायद्याने त्यांच्या मुलखाला बंदी घातली, तरी काही उतरतच राहिले.

फ्युरुसेथ १९३८मध्ये वारले. खलाशाला जमिनीवर पाय ठेवण्याचा आणि ठेवलेला पाय परत न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून ते आयुष्यभर झगडले होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाने त्यांची राख अटलांटिकमध्ये सोडली, किनाऱ्यापासून जमेल तितक्या दूर.