ऑल्डविच: कुणाच्याच वाटेवर नसलेलं स्टेशन

लंडनला जाणारी बरीच मराठी माणसं हल्ली प्रिमरोझ हिल भागात एक फेरी मारतात. तिथल्या किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं. या घराकडे जायला भुयारी रेल्वेचं चॉक फार्म हे स्टेशन जवळचं. घर पाहायच्या ओढीत स्टेशनाकडे कुणी वळून बघत नाही, पण बघावं. दुमजली, ठेंगणी इमारत, वरच्या मजल्यावर अर्धगोल कमानींच्या मोठ्या खिडक्या आणि सगळ्या दर्शनी भिंतीवर कलेजीच्या रंगाच्या चकचकीत फरशा. अशी लाल स्टेशनं मध्य लंडनमध्ये जागोजागी आहेत. लेस्ली ग्रीन या एकाच तरुण वास्तुविशारदानं ती आखली. १९०३ साली हे काम त्याच्याकडे आलं, चार-पाच वर्षांत त्यानं स्टेशनांचा सपाटा लावला आणि १९०८ साली, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी तो क्षयानं गेला.

त्याच्या स्टेशनांपैकी बहुतेक आजही गजबजलेली आहेत. मला लिहायचंय ते गजबज कधीच न पाहिलेल्या एका स्टेशनाबद्दल. ते आहे स्ट्रँड या रस्त्यावर, सरे स्ट्रीटच्या कोपऱ्याशी. नकाशावर त्याचं नाव ऑल्डविच होतं. होतं म्हणायचं, कारण १९९४ साली ते बंद झालं. पण त्याची खरी गंमत त्याच्या जन्मात आहे. हे स्टेशन उघडायच्या आधीच त्याचं कारण संपलं होतं.

एकोणिसावं शतक संपता संपता लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या कंपन्यांचं पीक आलं होतं. त्यांतल्या एका कंपनीला उत्तरेकडच्या वूड ग्रीनपासून थेट स्ट्रँडपर्यंत बोगदा काढायचा होता. १८९९ साली पार्लमेंटनं तिला परवानगी दिली. उत्तरेच्या उपनगरांतून कचेऱ्यांकडे आणि नाटकगृहांकडे येणाऱ्या माणसांसाठी स्ट्रँड हे शेवटचं स्टेशन, हा हिशेब सरळ होता. दुसऱ्या एका कंपनीला पश्चिमेकडच्या ब्रॉम्प्टनहून पिकॅडिली सर्कसपर्यंत यायचं होतं. दोघींकडे परवाने होते, पैसा मात्र दोघींकडेही नव्हता.

मग चार्ल्स यर्कीझ आला. हा अमेरिकन भांडवलदार फिलाडेल्फियात सार्वजनिक पैशाच्या अफरातफरीपायी तुरुंगाची हवा खाऊन आलेला. नंतर शिकागोत ट्राम कंपन्या चालवून त्यानं भरपूर पैसा आणि त्याहून भरपूर शत्रू कमावले. थिओडोर ड्रायझरनं तीन कादंबऱ्यांचा नायक त्याच्यावरून बेतला, यावरून माणसाचा वकूब कळावा. यर्कीझच्या गटानं या दोन्ही कंपन्या घेतल्या आणि त्यांचे मार्ग जोडून टाकले: उत्तरेकडून आलेला बोगदा होबर्नला पश्चिमेकडे वळवायचा आणि पिकॅडिली सर्कसला दुसऱ्या कंपनीच्या मार्गाला मिळवायचा. आजची पिकॅडिली लाइन ती हीच. जोडणी झकास झाली. फक्त होबर्नच्या दक्षिणेला, स्ट्रँडपर्यंतचा अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचा तुकडा लोंबकळत राहिला. ज्या मार्गाचं ते टोक होतं, तो मार्गच दुसरीकडे वळला होता.

असा तुकडा सोडून द्यायला हरकत नव्हती. पण परवाना हातात होता, आणि स्ट्रँड म्हणजे नाटकांची वस्ती. तेव्हाच लंडन कौन्सिल त्या भागातल्या कोंदट गल्ल्या जमीनदोस्त करून किंग्जवे आणि ऑल्डविच हे दोन रुंद रस्ते काढत होतं. १९०५च्या ऑक्टोबरात सातव्या एडवर्डनं त्यांचं उद्घाटन केलं. मूळ आराखड्यात स्टेशनाची जागा ज्या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर होती, त्या गल्ल्याच या पाडापाडीत गेल्या. तेव्हा जागा दक्षिणेला सरकवली आणि रॉयल स्ट्रँड थिएटर पाडून तिथे स्टेशन उभं राहिलं. नाटकाच्या प्रेक्षकांसाठी एक नाटकगृह पाडलं गेलं! पुढे या स्टेशनात एका नटीचं भूत दिसतं अशी वदंता पसरली. भुतांवर माझा विश्वास नाही, पण त्या बाईला तक्रारीला जागा होती हे खरं.

१९०६च्या डिसेंबरात मुख्य मार्ग सुरू झाला. स्ट्रँडचा फाटा त्यानंतर जवळजवळ वर्षभरानं, ३० नोव्हेंबर १९०७ रोजी. यर्कीझनं यातलं काहीच पाहिलं नाही. १९०५ सालच्या डिसेंबरातच तो न्यूयॉर्कमध्ये वारला होता.

बांधताना मात्र हात आखडता घेतला नव्हता. दोन बोगदे, दोन फलाट. लिफ्टसाठी तीन विहिरी खोदल्या, म्हणजे सहा लिफ्टची सोय. प्रत्यक्षात एकाच विहिरीत दोन लिफ्ट बसल्या आणि बाकीच्या दोन विहिरी कायमच्या रिकाम्या राहिल्या. रात्रीचं नाटक सुटल्यावर प्रेक्षकांना उत्तरेकडे घरी पोचवणारी एक खास गाडी सुरुवातीला होती. ती १९०८ साली बंद झाली. त्यानंतर होबर्न ते स्ट्रँड आणि स्ट्रँड ते होबर्न असं एकच शटल उरलं. १९१४ साली पूर्वेकडचा फलाट वापरातूनच गेला.

या दैनेचं कारण समजून घ्यायला त्या काळच्या प्रवाशाबरोबर एकदा मनानं जावं लागेल. तुम्ही होबर्नला आहात आणि तुम्हाला स्ट्रँडवर जायचंय. रेल्वेनं जायचं तर लिफ्टनं जमिनीखाली उतरा, शटलची वाट पाहा, मिनिट-दोन मिनिटं बसा, उतरा, पुन्हा लिफ्टची वाट पाहा आणि वर या. नाहीतर किंग्जवेच्या नव्याकोऱ्या रुंद रस्त्यावरून सरळ चालत या. त्याच रस्त्याखालून १९०६पासून ट्रामही धावत होती आणि वरून बस होत्याच. मुख्य मार्गानं येणारी माणसंही होबर्नला उतरली की गाडी बदलण्यापेक्षा पाय मोकळे करणं पसंत करत. गाडीनं वेळ वाचत नसेल तर माणूस गाडीत बसत नाही, हे भुयारी रेल्वेवाल्यांना इथे सतत सात-आठ दशकं दिसत राहिलं.

या फाट्याची दोन टोकं आपल्या दृष्टीनं मोठी रोचक आहेत. होबर्नच्या टोकाला ब्रिटिश म्युझियम आणि ग्रेज इन, ऑल्डविचच्या टोकाला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. म्युझियममध्ये वाचन, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी आणि एलएसईत अर्थशास्त्र ही बाबासाहेबांची लंडनमधली सगळी धडपड या अर्ध्या किलोमीटरच्या अंगाखांद्यावर झाली. पैसे वाचवायला ते पायीच फिरत, असं चरित्रकार सांगतात. खिशात पैसे असते तरी या पल्ल्याला पायीच जाणं शहाणपणाचं ठरलं असतं.

१९३० साली याच ऑल्डविचच्या वळणावर हर्बर्ट बेकरनं आखलेलं इंडिया हाउस उघडलं. आज भारताचं उच्चायुक्तालय तिथेच आहे. मराठी वाचकांचा इथे हमखास घोटाळा होतो, म्हणून सांगून टाकतो: सावरकर राहत होते ते श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस हे नव्हे. ते दूर उत्तरेला, हायगेटला होतं. शेजारच्या बुश हाउसमधून पुढे कितीतरी वर्षं बीबीसीच्या परदेशी भाषांतल्या सेवा चालल्या. म्हणजे वकिलात, नभोवाणी, दोन नामांकित कॉलेजं आणि नाटकगृहं एवढं सगळं दाराशी असून स्टेशन ओसच.

नावाचीही ओढाताण झाली. १९१५ साली चेअरिंग क्रॉसजवळच्या दुसऱ्या एका स्टेशनाला स्ट्रँड हे नाव द्यायचं ठरलं, म्हणून याला ऑल्डविच म्हणू लागले. दर्शनी भिंतीवर आजही ‘स्ट्रँड स्टेशन’ अशी ठसठशीत अक्षरं आहेत आणि वाटसरू बुचकळ्यात पडतात. त्याच सुमारास काटकसर सुरू झाली. १९१७ साली रविवारच्या गाड्या गेल्या. १९२२ साली तिकीट खिडकीही बंद केली आणि तिकिटं लिफ्टमध्येच विकायला लागले. एकच माणूस लिफ्ट चालवणार आणि तिकीटही देणार. गिऱ्हाईकच कमी असल्यावर दुकानदाराला दोन्ही कामं जमतात.

या स्टेशनाची खरी गरज लागली ती दोन महायुद्धांत. पहिल्या महायुद्धात जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकू लागली, तेव्हा नॅशनल गॅलरीतली सुमारे तीनशे चित्रं पूर्वेकडच्या रिकाम्या फलाटावर आणून ठेवली. रहदारीचा अडथळा नाही, हलवाहलवीची घाई नाही. चालू स्टेशनात हे जमलंच नसतं.

दुसऱ्या वेळी मामला अधिक गंभीर होता. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रोज रात्री बॉम्बफेक होऊ लागली. भुयारी स्टेशनं निवाऱ्यासाठी वापरू द्यायला सरकार आधी तयार नव्हतं. माणसं एकदा खाली गेली की वर येणारच नाहीत आणि गाड्याही अडतील, अशी भीती होती. लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी तिकिटं काढली, अंथरूण-पांघरूण घेऊन खाली उतरले आणि तिथेच राहिले. सरकारनं माघार घेतली. इतर स्टेशनांत रात्री गाड्या थांबेपर्यंत फलाटाच्या कडेला अंग चोरून बसावं लागे. ऑल्डविचचा फाटा मात्र २२ सप्टेंबरला पुरताच बंद केला, वीज तोडली आणि जागा निवाऱ्यासाठी खुली झाली. त्या दिवसांतल्या छायाचित्रांत माणसं फलाटावर तर झोपलेली दिसतातच, पण खाली रुळांच्या जागेतही ओळीनं पहुडलेली दिसतात. एरवी जिथे पाय टाकला तर जीव जायचा, तिथे आया मुलांना थोपटतायत. खाली वाचायला पुस्तकं आली, करमणुकीचे कार्यक्रमही झाले.

याच फाट्याच्या बोगद्यांत ब्रिटिश म्युझियमनं आपला मौल्यवान ऐवज हलवला. त्यात अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं, म्हणजे वादग्रस्त एल्गिन मार्बल्सही होती. ग्रीसहून उचलून आणलेली ती संपत्ती इंग्लंडात सुरक्षित राहील, असा दावा सव्वाशे वर्षं चालला होता. ती सुरक्षित ठेवायला शेवटी जमिनीखालचा एक नको असलेला बोगदा लागला.

१ जुलै १९४६ रोजी गाडी पुन्हा सुरू झाली आणि रडतखडत चालणंही. १९५८पासून फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, १९६२पासून शनिवारीही नाही. तरी हा फाटा जगत राहिला, कारण पुढे कधीतरी तो वाढवता येईल ही आशा. नदीखालून वॉटर्लूपर्यंत नेला असता तर दक्षिणेकडून रेल्वेनं येणारा लोंढा याच मार्गे कचेऱ्यांत पोचला असता आणि सगळा खर्च वसूल झाला असता. ही कल्पना उघडायच्या आधीपासून होती आणि दर पिढीत कुणी ना कुणी ती पुन्हा मांडली. दरवेळी पैशापाशी अडलं. मग ज्युबिली लाइन आली. तिच्या जुन्या आराखड्यात चेअरिंग क्रॉसनंतरचं स्टेशन ऑल्डविचच होतं. १९७९ साली ती चेअरिंग क्रॉसपर्यंत आली, गाड्या वळवायचे बोगदे त्याच्याही पुढे ऑल्डविचच्या दिशेनं खोदून झाले आणि तिथे आराखडा बदलला. १९९९ साली ज्युबिली लाइन ग्रीन पार्कहून दुसऱ्याच वाटेनं वॉटर्लूला गेली. चेअरिंग क्रॉसचे नवेकोरे फलाट त्यामुळे वीस वर्षांतच निकामी झाले, पण तो निराळा विषय.

तोवर ऑल्डविच संपलं होतं. १९०७ सालच्या त्याच दोन लिफ्ट अजून चालत होत्या आणि आता त्या बदलणं भाग होतं. खर्च सुमारे तीस लाख पौंड. रोजचे प्रवासी साडेचारशेच्या आसपास, वर्षाचा तोटा दीड लाख पौंड. या हिशेबापुढे कुणाचं काही चालणं शक्य नव्हतं. ३० सप्टेंबर १९९४ रोजी शेवटची गाडी गेली. त्याच दिवशी लंडनच्या दुसऱ्या टोकाचा एपिंग ते ओंगार हा फाटाही बंद झाला.

ऑल्डविचला प्रवासी कधीच पुरेसे नव्हते, त्यामुळे ते कधी कुणी सुधारलंही नाही. इतर स्टेशनांत सरकते जिने बसले, फलाट लांबले, फरशा उखडून नव्या आल्या. इथे १९०७ सालचा ऐवज तसाच राहिला: तिकिटाची जागा, हिरव्या-पांढऱ्या फरशा, लिफ्टचे दरवाजे. बंद व्हायच्या आधीपासूनच सिनेमावाले इथे येत, नंतर तर ही त्यांची हक्काची जागा झाली. भुयारी रेल्वेची एक जुनी गाडी त्यांच्यासाठी फलाटाला लावून ठेवलेली असते. ‘अटोनमेंट’ चित्रपटात बॉम्बनं बुडालेलं बॅलम स्टेशन दाखवलंय, ते चित्रण ऑल्डविचचं आहे. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ आणि ‘शेरलॉक’ मालिकेतही ते आहे. ‘टूम रेडर’ या व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या भागात तर या नावाचा एक अख्खा टप्पा आहे. सोडून दिलेल्या पूर्वेकडच्या फलाटावर अनेक वर्षं दुसऱ्या स्टेशनांसाठीच्या नव्या फरशा आणि सजावट आधी लावून पाहिली जायची. बाकी लंडनची स्टेशनं नवी झाली, ती काही अंशी इथे तालीम करून.

२०११ साली इमारतीला वारसा वास्तू म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम अधूनमधून तिथे मार्गदर्शित फेऱ्या काढतं. त्यांची तिकिटं भराभर संपतात आणि किंमतही रेल्वेच्या तिकिटाच्या कैक पट असते. लिफ्ट अजून बंदच आहेत, त्यामुळे फलाटापर्यंत गोल जिन्यानं उतरायचं आणि त्याच जिन्यानं चढून वर यायचं.