अध्यक्षपदाची सत्तरी

कसबा पेठेच्या बोळात, जेथे तीन विटांची यष्टी रचून खेळणाऱ्या पोरांमध्ये चेंडू परक्याच्या माडीवर गेला की फलंदाज बाद, हा नियम कोणा कायदेपंडितावाचून चालत आला आहे, तेथे कप्तानाची कारकीर्द बॅटीचा मालक जेवायला घरी गेला की संपते. क्रिकेट-संघटनांच्या गादीवरून पायउतार होण्याची वेळ मात्र अखेर सर्वोच्च न्यायालयाला मुक्रर करावी लागली. क्रिकेट-कारभाराच्या सुधारणेसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशी त्या न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी बहुतांशी मान्य केल्या, आणि सत्तरी ओलांडलेल्या पदाधिकाऱ्यांना रजा घेणे प्राप्त झाले.

मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष शरद पवार यांनी, वयाची ७६ वर्षे पूर्ण झाली त्याच डिसेंबरात, राजीनामा दिला. २००१ मध्ये अजित वाडेकरांसारख्या माजी कर्णधाराचा पराभव करून ते त्या पदावर आले होते (मैदानावरील कर्तृत्व मतपेटीत वटतेच असे नाही!), २०११ पर्यंत एक कारकीर्द, २०१३ पासून दुसरी. पवारांचे श्वशुर सदू शिंदे महाराष्ट्राचे लेगस्पिनर. १९५१ साली दिल्लीच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडचे ६ गडी ९१ धावांत टिपले होते.

पुढे २ जानेवारी २०१७ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव अजय शिर्के यांनाही, त्या शिफारशी न पाळल्याबद्दल, न्यायालयाने पदावरून दूर केले; पुणेकरांचे गहुंजे येथील मैदान उभे राहिले ते त्यांच्याच महाराष्ट्र असोसिएशनमधील अध्यक्षपदाच्या अमदानीत.