घरातला समुद्र : हौस, हिशेब आणि जबाबदारी



'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट २००३ साली आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. गोड्या पाण्याच्या लहान काचपेट्या आपल्या इंदुरात पुष्कळ घरांत आहेत. आता मात्र खाऱ्या पाण्याची, प्रवाळांसह, भिंतभर लांबीची पेटी घरी करावी, अशी इच्छा काही पालकांनी आमच्याजवळ बोलून दाखविली आहे. 'हे खरोखर जमते का?' असे आठवी-नववीची मुलेही विचारतात. उत्तर असे की, जमते. पण पेटी विकत घेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. बाकीचे काय, ते सर्वांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे; तो प्राणी आहे. सुईच्या टोकाएवढ्यापासून नाण्याएवढ्यापर्यंतचे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातले कॅल्शियम घेऊन आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालामुळेच असतो. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळभित्ती आहेत, पण समुद्रातील सुमारे पाव जीवजाती त्यांच्या आश्रयाने राहतात. असे हे घर आपल्याला दिवाणखान्यात उभे करायचे आहे.

हा प्रयत्न नवीन नाही. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या पेट्यांविषयी लिहिले. समुद्रातले जिवंत खडक, समुद्राचेच पाणी, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ सांभाळले होते. पण समुद्र त्यांच्या दारात होता. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. त्याच्याही समोर समुद्रच. आपण मात्र माळव्यात राहतो. इथे समुद्राचे प्रत्येक काम आपल्याला यंत्राने किंवा हाताने करावे लागते.

वजनाचा हिशेब

समजा पेटी ८ फूट लांब, अडीच फूट रुंद व २ फूट उंच आहे. घनफळ झाले ४० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लीटर पाणी मावते, म्हणजे पेटीत सुमारे ११३० लीटर. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते, म्हणून वजन साधारण ११६० किलो. त्यात दोनशेहून अधिक किलो काच, खडक, लोखंडी चौकट आणि खाली ठेवायची गाळणीची दुसरी टाकी मिळविली की आकडा दोन टनांच्या जवळ जातो. हे सर्व केवळ २० चौरस फुटांवर, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १००० किलो! राहत्या घराच्या खोल्यांची जमीन भारतीय मानकाप्रमाणे साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भारासाठी आखलेली असते. म्हणून पहिला सल्ला दुकानदाराचा नव्हे, स्थापत्य अभियंत्याचा घ्यावा. तळमजला सर्वांत उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायचीच असेल तर अभियंत्याने नकाशा पाहून लेखी होकार दिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नववीच्या मुलांनी इथे दाबाचा धडा आठवावा. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीप्रमाणे वाढतो. म्हणून उंच पेटीपेक्षा रुंद पेटी बरी. ती सुरक्षित असते, हात तळापर्यंत पोचतो आणि प्रकाशही खालपर्यंत जातो.

पाणी आणि मीठ

समुद्राच्या एका लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खालची टाकी धरून आपले पाणी १३०० लीटर झाले, तर ४५ किलोंहून अधिक क्षार लागतील. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. समुद्रात सोडियम व क्लोराइडखेरीज सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी अनेक द्रव्ये ठराविक प्रमाणात असतात. प्रवाळाला लीटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम व १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवे. त्यासाठी तयार सागरी क्षारमिश्रण घ्यावे लागते.

नळाला येणारे नर्मदेचे पाणी आपल्याला पिण्यास चांगले, पण त्यातील क्लोरीन व इतर विरघळलेली द्रव्ये या पेटीला चालत नाहीत. आरओचेच पाणी लागते, आणि एक लीटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लीटर वाहून जाते. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे वाहते पाणी साठवून धुण्या-पुसण्याला वापरण्याची सोय आधी करावी, मग पेटी आणावी. बदललेले खारे पाणी मात्र बागेत कधीही ओतू नये. माती खराब होते.

पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते. समजा रोज १० लीटर पाणी उडाले आणि आपण महिनाभर काहीच घातले नाही. १३०० लीटरचे १००० लीटर उरले, क्षार तेवढेच. म्हणजे लीटरमागे ३५ ऐवजी साडेपंचेचाळीस ग्रॅम! इतक्या खारट पाण्यात प्रवाळ जगत नाहीत. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडे, शुद्ध पाणी घालायचे, खारे नव्हे.

दिसत नाहीत ते कामकरी

मासे खातात, मलमूत्र टाकतात आणि त्यातून अमोनिया होतो. तो विषारी असतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. खडकाच्या आतल्या, प्राणवायू नसलेल्या भोकांत आणखी काही जीवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. हे जीवाणू नव्या पेटीत नसतात. त्यांची वस्ती जमायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत पाणी, खडक आणि दिवे दिसतात, मासा एकही नसतो. मुलांना हे फार जड जाते आणि बहुतेक पेट्या याच घाईत बिघडतात.

त्याबरोबर 'प्रोटीन स्किमर' नावाचे यंत्र लावतात. पाकात थोडे दूध घातले की वर मळी येते आणि हलवाई ती काढून टाकतो, हे आपण पाहिले आहे. हे यंत्रही बारीक बुडबुड्यांच्या फेसाला पाण्यातली घाण चिकटवून ती बाहेर काढते.

ऊन, वारा आणि वीज

प्रवाळाला प्रखर, निळसर प्रकाश हवा. आता तो एलईडी दिव्यांतून मिळतो. पाणी सतत हलते ठेवायला पंप हवेत. तपमान २५-२६ अंशांच्या आसपास स्थिर हवे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पाणी थंड करणारे यंत्र लागतेच. नेहमीच्या उन्हाळी तपमानापेक्षा एक-दोन अंशांनी पाणी बरेच दिवस तापलेले राहिले, तर प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. खुद्द समुद्रात १९९८, २०१० व २०१६ साली मोठ्या प्रमाणावर असे घडले. पुन्हा एकदा जगभर हेच सुरू झाल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले.

विजेचा हिशेब मुलांनीच करावा. दिवे ५०० वॅटचे, रोज १० तास : ५ युनिट. पंप वगैरे २५० वॅटचे, २४ तास : ६ युनिट. महिन्याला झाले ३३० युनिट, आणि थंड करणारे यंत्र वेगळेच. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू काही तासांत घटू लागतो. निदान पंपांपुरता इन्व्हर्टर हवाच.

कायदा काय म्हणतो

हा मुद्दा पालकांनी व विश्वस्त मंडळींनी विशेष लक्ष देऊन वाचावा. परदेशी पुस्तकांत प्रवाळांची यादी असते आणि कोणते आधी लावावे तेही दिलेले असते. आपल्या देशात ते तसेच उचलता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडाही त्याच वेळी आला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळ वाघाच्या पंक्तीला बसतो. त्याच्या व्यापाराला तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. समुद्रातून तोडून आणलेला 'जिवंत खडक' हाही प्रवाळाचाच तुकडा असतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाळांवरही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. दुकानदार 'सर्व कागद आहेत' असे सांगेल. तरी वनविभागाकडून लेखी खुलासा मिळाल्यावाचून काहीही घेऊ नये.

मग काय ठेवावे? भाजलेल्या मातीचे सच्छिद्र कृत्रिम खडक मिळतात. जीवाणू त्यांत राहतात. माशांत क्लाऊनफिश उत्तम, कारण त्याची पैदास हॅचरीत होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याची पद्धत बसविली आहे. चित्रपटातली निळी 'डोरी' मात्र घेऊ नये. तिची पैदास प्रयोगशाळेत प्रथम २०१६ साली अमेरिकेत साधली. बाजारात येणारे हे मासे मुख्यतः समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपाइन्ससारख्या देशांत शोभेचे मासे पकडण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारण्याची वाईट रीत चालत आली आहे. आपल्या पेटीतील एका माशासाठी तिकडे भित्तीचा तुकडा मरत असेल, तर ही हौस आपल्याला शोभणारी नाही.

क्रम कसा असावा

आधी अभियंता, मग विजेची स्वतंत्र जोडणी, मग पेटी. आठवडाभर साधे पाणी भरून गळती तपासावी. नंतर क्षार मिसळावेत, खडक मांडावेत, जीवाणूंसाठी दीड महिना थांबावे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले की दोन लहान मासे आणावेत. प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, म्हणजे रोग पसरत नाही. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे आणि तपासणीचे आकडे वहीत लिहावेत. पेटी भरल्याचे कौतुक वर्षानंतर करावे.

पालकांना आमची विनंती एवढीच की, 'रोजचे पाणी कोण पाहणार आणि सुट्टीत गावाला गेलो तर कोण?' या प्रश्नाचे उत्तर घरात ठरल्यावरच खर्चाला हात घालावा. उत्तर 'मुलगा पाहील' असे असेल, तर त्याने सहा महिने गोड्या पाण्याची लहान पेटी सांभाळून दाखवावी. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी हिरमुसू नये. गुजरातेत जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीच्या वेळी पायी चालत जिवंत प्रवाळ पाहता येतात, आणि मालवणच्या समुद्रातही ते आहेत. तिथे हात न लावता पाहावे, काही न उचलता परत यावे.

आठवी-नववीच्या मुलांनी वरील हिशेब आपल्या घरातल्या एखाद्या खोलीचे माप घेऊन पुन्हा मांडावेत आणि विज्ञानाच्या तासाला आणावेत. कोणाच्या घरात किती मोठा समुद्र मावतो, ते आपण वर्गात मिळून पाहू.