बरव्यांची वस्तुसृष्टी

प्रभाकर बरवे यांच्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या सामान्य रसिकाच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘याचा अर्थ काय?’ हाच; आणि शंखचक्रावरून विष्णू व मूषकावरून गणपती ओळखण्याची सवय ज्याच्या दृष्टीला पिढ्यान्‌पिढ्या जडलेली आहे, त्याने असा खुलासा मागावा यात गैर काही नाही. परंतु मूर्तिशास्त्रातील प्रतीकाचा अर्थ परंपरेने आधीच मुक्रर केलेला असतो; बरव्यांच्या पानाचा, घड्याळाचा किंवा ढगाचा तसा तो नसतो.

स्वतः बरवेही आरंभी परंपरेच्याच प्रतीकांकडे वळले होते. १९३६ साली कुलाबा जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेला आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या सरकारी संस्थेच्या नोकरीत असताना बनारसला गेला, आणि तेथील वास्तव्यात तंत्रमार्गातील यंत्राकृतींनी त्याची चित्रे भारली गेली. ती चित्रे देखणी आहेत. पण माझ्या मते बरव्यांची खरी थोरवी दिसते ती पुढे, जेव्हा हा सिद्ध प्रतीकांचा वारसा बाजूला ठेवून त्यांनी नित्याच्या व्यवहारातील वस्तूंनाच हाताशी धरले तेव्हा.

पान, फळ, शिंपला, किल्ली, घड्याळ यांसारख्या वस्तू त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत येतात त्या आपापले नेहमीचे स्थान, आकारमान आणि उपयोग मागे टाकून; विस्तीर्ण रित्या अवकाशात त्या एकमेकींपासून अंतर राखून तरंगतात, कधी वस्तूऐवजी तिची नुसती बाह्यरेषा किंवा सावली तेवढी उरते, आणि पानाच्या शिरांवरून हाताच्या रेषांकडे जावे तशी पाहणाऱ्याची नजर एका आकाराचे दुसऱ्याशी असलेले गुप्त नाते हुडकू लागते. अर्थ असतो तो या नात्यात. म्हणूनच एकटे घड्याळ उचलून ‘हे काळाचे प्रतीक’ असा निवाडा देणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

या मांडणीत रित्या जागेला वस्तूइतकेच मोल आहे. दारे-खिडक्यांना लावतात तो इनॅमल रंग बरव्यांनी कॅनव्हासवर वापरला, त्याच्या सपाट, नितळ पृष्ठावर हे रितेपण विलक्षण शांत भासते. आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चित्रविचाराच्या मराठी ग्रंथाला त्यांनी नाव दिले तेही ‘कोरा कॅनव्हास’.