गालिच्याच्या मुळाशी

सतरंजी आणि गालिचा या दोन्ही वस्तू जमिनीवर अंथरल्या जात असल्या तरी त्यांची घडण मुळातच वेगळी असते, आणि घरातल्या गालिच्याची सफाई अपुरी राहण्याचे एक मोठे कारण हा भेद ध्यानात न घेणे हे आहे. सतरंजी किंवा जाजम म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची सपाट वीण, त्यामुळे गॅलरीत नेऊन दोघांनी चार टोके धरून झटकली की तिच्यावरची धूळ उडून जाते. गालिच्यात मात्र या विणीच्या पायावर लोकर, रेशीम किंवा नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांची असंख्य टोके दाटीने उभी असतात. या उभ्या धाग्यांच्या थराला लव म्हणतात. पायांबरोबर आलेली माती या लवेत वरच्या वर राहत नाही, चालणाऱ्यांच्या वजनाने ती दिवसागणिक खाली सरकते आणि धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते.

ही मुळाशी बसलेली माती दिसत नाही, परंतु खरे नुकसान तीच करते. बारीक रेतीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झ या खनिजाचे कण असतात आणि ते साध्या चाकूच्या पोलादापेक्षाही कठीण असतात. गालिच्यावर पाऊल पडले की हे टोकदार कण धाग्यांच्या बुंध्यावर घासतात, धागे हळूहळू कापले जातात आणि दारासमोरच्या किंवा सोफ्यापुढच्या पट्ट्यात लव विरळ होऊ लागते. गालिचा जुना झाला म्हणून विरला, असे जे सर्रास समजले जाते, त्यात बराचसा दोष वयाचा नसून या रेतीचा असतो. म्हणून स्वच्छ दिसणारा गालिचाही नियमाने साफ करावा लागतो, आणि वर्दळीचा भाग इतर भागांपेक्षा अधिक वेळा साफ करावा लागतो.

व्हॅक्यूम क्लीनरचे काम समजून घेण्यासाठी त्याचा इतिहास उपयोगी पडतो. लंडनमधील अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ याने १९०१ साली धूळ फुंकून उडवण्याऐवजी ती हवेबरोबर ओढून घ्यावी आणि कापडातून हवा गाळून धूळ अडवावी, ही कल्पना यंत्रात उतरवली. त्याचे अवजड यंत्र घोडागाडीवरून नेले जाई, ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ झाले. पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात, दुकानात सफाईचे काम करणाऱ्या आणि दम्याने त्रस्त असलेल्या जेम्स मरे स्पँगलर याने पंखा, उशीचा अभ्रा आणि फिरता ब्रश एकत्र जोडून घरात वापरता येईल असे यंत्र तयार केले व १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. बूथने हवेचा प्रवाह दिला, स्पँगलरने त्याला लव हलवून कण सुटे करणारा ब्रश जोडला; गालिच्याची सफाई आजही या दोन गोष्टींवरच उभी आहे.

यंत्रातील पंखा आतील हवेचा दाब कमी करतो, बाहेरची हवा त्या दिशेने धावते आणि वाटेतील कण घेऊन जाते. तेव्हा धूळ उचलते ती वाहती हवा, आणि हवा वाहण्याला जिथे अडथळा होतो तिथे सफाई थांबते. खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते एवढेच सांगतो, त्यावरून ओढीचा अंदाज बांधणे चुकीचे आहे. पिशवी गच्च भरलेली असेल किंवा गाळणी धुळीने बुजलेली असेल, तर मोठ्या वॅटचे यंत्रही केवळ आवाज करते. पिशवी काठोकाठ भरेपर्यंत थांबू नये, आणि धुता येण्याजोगी गाळणी धुतल्यावर पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत बसवू नये.

भारतातील घरांत बहुधा चाकांवरचे, लांब पाइपाचे यंत्र असते आणि त्याच्या चपट्या तोंडावर पायाने दाबायची एक पट्टी असते. ती एका बाजूला दाबली की खालून केसांची ओळ बाहेर येते, दुसऱ्या बाजूला दाबली की ती आत जाते. बाहेर आलेली ओळ फरशीसाठी असते. गालिच्यावर ती तशीच राहिली तर तोंड लवेपासून उचललेले राहते, हवा बाजूंनी आत शिरते आणि मुळाशी ओढ पोचत नाही. एवढी एक पट्टी योग्य बाजूला दाबली तरी त्याच यंत्राच्या कामात स्पष्ट फरक पडतो. याउलट पातळ गालिचा तोंडाला चिकटून वर उचलला जात असेल, तर मुठीजवळची सरकती खिडकी थोडी उघडून ओढ कमी करता येते.

त्यानंतरचे सर्व कौशल्य हाताच्या गतीत आहे. झाडू मारण्याच्या सवयीने यंत्र भराभर पुढे-मागे फिरवले जाते आणि खोल बसलेले कण सुटायला वेळच मिळत नाही. यंत्र सावकाश ओढावे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा आणि वर्दळीच्या जागी तोच भाग आडव्या दिशेनेही घ्यावा. हाताने गाठी मारलेल्या लोकरीच्या गालिच्यावरून तळहात फिरवला असता एका दिशेने लव मऊ बसते आणि उलट दिशेने उभी राहते. अशा गालिच्यावर यंत्र बसत्या दिशेने फिरवावे. फिरता ब्रश कृत्रिम धाग्याच्या, कापलेल्या लवेच्या गालिच्यांना मानवतो. रेशमी, वेटोळ्या धाग्यांच्या किंवा हातगाठीच्या गालिच्यांवर तो बंद ठेवावा, आणि झालरीवरून तर तो कधीच नेऊ नये, कारण झालर त्यात गुंडाळून तुटते.

हळद-कुंकू सांडले असता ओले फडके घेऊन धावणे ही सर्वांत महाग पडणारी चूक ठरते, कारण पाण्याने रंग धाग्यात मुरतो. कोरडी पूड आधी ब्रशाविना, नुसत्या पाइपाच्या तोंडाने, न घासता वरच्या वर ओढून घ्यावी. गालिचा ओला असेल तर मात्र साधे कोरडे यंत्र त्यावर मुळीच चालवू नये, त्यात विजेचा धोका असतो. कोकण आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत धुळीतील सूक्ष्म किडे, म्हणजे माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे जीव, झपाट्याने वाढतात. जिवंत किडे धाग्यांना घट्ट धरून राहत असल्याने ते यंत्राने पूर्ण निघत नाहीत, परंतु दमा व शिंका वाढवणारी त्यांची विष्ठा आणि त्यांचे खाद्य बरेच कमी होते. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तिथे अतिसूक्ष्म कण अडवणारी हेपा गाळणी असलेले यंत्र घेणे योग्य, अन्यथा बारीक धूळ मागच्या झोतातून पुन्हा खोलीत येते.

हातगाठीचा गालिचा ओळखण्यासाठी त्याचा कोपरा उलटावा: पाठीवर पुढचीच नक्षी गाठीगाठींनी दिसली तर तो हातगाठीचा, आणि पाठीला कापड डकवलेले असेल तर तो टफ्टेड, म्हणजे लव यंत्राने टोचून रबरी डिंकाने धरलेला. टफ्टेड गालिचा काठीने बडवू नये, त्याने डिंकाचा थर भेगाळतो. हातगाठीचा गालिचा मात्र वर्षातून दोन-तीनदा स्वच्छ फरशीवर पालथा घालावा, पाठीवरून यंत्र सावकाश फिरवावे आणि मग तो उचलावा. लवेतून गळलेली रेती फरशीवर पडलेली दिसेल. ती झाडून, पुसून, मगच गालिचा सरळ अंथरावा.