मीटरच्या आतलं घड्याळ चुकलं, तर ते मीटरला कळतं का?

पाबळचा विज्ञान आश्रम बऱ्याच जणांना माहीत असेल. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. अशा लॅबमध्ये तुम्ही स्वतः सर्किट बोर्ड कोरता, पार्ट सोल्डर करता, चिपमध्ये प्रोग्रॅम टाकता आणि गावात वापरता येईल असं मोजमापाचं यंत्र तयार करता. यंत्र चालू होतं, आकडा दिसतो. पण तो आकडा खरा आहे कशावरून? कॅलिब्रेशन लॅब काही पाबळच्या चौकात नसते. म्हणून यंत्राने स्वतःची थोडीफार तपासणी स्वतः करायला हवी. त्यात सगळ्यात अवघड तपासणी ऑसिलेटरची.

ऑसिलेटर म्हणजे यंत्राचं घड्याळ. समजा आपण डिझेल इंजिनाचा वेग मोजणारा टॅकोमीटर बनवतोय. १५०० आरपीएमला एक फेरा ४० मिलिसेकंदांत होतो. चिपचा ऑसिलेटर ८ मेगाहर्ट्झचा असेल तर तेवढ्या वेळात ३,२०,००० टिकटिक मोजल्या जातात. आता ऑसिलेटर ३ टक्के जलद पळतोय असं धरा. टिकटिक होतील ३,२९,६००. यंत्राला वाटेल फेरा ४१.२ मिलिसेकंदांचा होता आणि ते दाखवेल १४५६. आकडा स्थिर, स्वच्छ, दहा वेळा मोजला तरी तोच. मेकॅनिक त्यावर विश्वास ठेवून इंजिन उगाच वाढवणार.

३ टक्के ही काही अतिशयोक्ती नाही. छोट्या एव्हीआर चिपमधल्या अंतर्गत आरसी ऑसिलेटरची फॅक्टरी अचूकता साधारण ±१० टक्के असते. सिरॅमिक रेझोनेटर ०.५ टक्क्याच्या आसपास, आणि साधा क्वार्ट्झ क्रिस्टल दहा लाखांत २० ते ५० भाग इतका. पाच-दहा रुपयांचा क्रिस्टल वाचवण्यात काहीच शहाणपणा नाही, हे माझं स्पष्ट मत.

मग तपासायचं कसं? जुन्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर ‘चेक’ नावाचं बटण असायचं. ते दाबलं की यंत्र स्वतःचाच १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर मोजायचं आणि स्क्रीनवर अगदी बरोबर १०.०००००० यायचं. बघणारा खूश! पण मोजण्याचा एक सेकंदसुद्धा त्याच ऑसिलेटरमधून आलेला असतो. ऑसिलेटर जलद झाला की सेकंद तेवढाच आखूड होतो, उत्तर तेच राहतं. म्हणजे ही तपासणी आकडे मोजणारा भाग आणि डिस्प्ले ठीक आहे एवढंच सांगते. घड्याळाबद्दल ती काहीच सांगत नाही. स्वतःच्या पट्टीने स्वतःची पट्टी मोजल्यासारखं झालं हे.

तेव्हा दुसरं, वेगळं घड्याळ लागतंच. सुदैवाने एव्हीआर चिपमध्ये ते फुकट मिळतं: वॉचडॉगचा स्वतःचा १२८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर. तो मुख्य ऑसिलेटरवर अवलंबून नसतो. यंत्र चालू होताना वॉचडॉगला १६ मिलिसेकंदांचा अलार्म लावा आणि तेवढ्यात मुख्य टायमर किती पुढे गेला ते बघा. ८ मेगाहर्ट्झला ६४ ने भागून टायमर चालवला तर सुमारे २००० यायला हवेत. २५० आले? मग बहुतेक चिपमधलं आठने भागायचं सेटिंग तसंच राहिलंय. नव्या चिपमध्ये ते चालूच असतं. (याच चुकीने १५०० चे १२,००० आरपीएम दिसतात.) ६००० च्या आसपास आले तर क्रिस्टल तिप्पट वारंवारितेवर, म्हणजे थर्ड ओव्हरटोनवर, चालला असण्याची शक्यता आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वॉचडॉगचा ऑसिलेटरही व्होल्टेज आणि तापमानाप्रमाणे हलतो, त्यामुळे मर्यादा ढिली ठेवावी लागते. ही तपासणी ठोक चूक पकडते, ३ टक्क्यांची नाही. त्यासाठी बाहेरचा संदर्भ हवा. घरातली ५० हर्ट्झची वीज चालेल का? ग्रिडची ठरलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ, म्हणजे १ टक्का चूक सहज सापडेल. पण लाइट गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू असेल तर हा संदर्भ विसरा. त्यापेक्षा जीपीएस मॉड्यूल बरं. ते दर सेकंदाला एक पल्स देतं. दोन पल्समध्ये ८०,००,००० टिकटिक याव्यात, चांगल्या क्रिस्टलला फार तर ४०० चा फरक. महिन्यातून एकदा वर्कशॉपच्या अंगणात उघड्या आकाशाखाली ही तपासणी केली तरी पुरे.

ऑसिलेटर पूर्ण बंद पडला तर? सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स आणि त्यावर पावसाळ्यातला ओलावा, एवढंही त्याला पुरतं. तुम्ही ऑसिलोस्कोप लावून बघायला जाल, तर ×१ वरच्या प्रोबच्या कपॅसिटन्समुळे चालू असलेला ऑसिलेटरही थांबू शकतो. आणखी गंमत म्हणजे नेहमीच्या एलसीडी मॉड्यूलचा कंट्रोलर वेगळा असतो. मुख्य चिप मेली तरी स्क्रीनवर शेवटचा १५०० तसाच चमकत राहतो!

एसटीएम३२ चिपमध्ये यावर सोय आहे. बाहेरचा क्रिस्टल बंद पडला की चिप आपोआप आतल्या ऑसिलेटरवर जाते आणि प्रोग्रॅमला तातडीचा इशारा देते. एव्हीआरमध्ये जुगाड करावा लागतो. वॉचडॉग चालूच ठेवायचा आणि एलसीडीचा बॅकलाइट चिपच्या एका पिनवरून पेटवायचा. क्रिस्टल मेला की वॉचडॉग चिप रिसेट करतो, पिन सुटते आणि दिवा विझतो.

आणि चूक सापडल्यावर? घरगुती उपकरणांच्या कंट्रोलरसाठीच्या आयईसी ६०७३० या मानकातही घड्याळाची तपासणी आणि चूक सापडल्यावर सुरक्षित स्थितीत जाणं अपेक्षित आहे. टॅकोमीटरची सुरक्षित स्थिती म्हणजे आकडा न दाखवणं. ‘अंदाजे १४५६’ नको, कोपऱ्यात बारीक चिन्हही नको, ते कोणी बघत नाही. आकड्याच्या जागी सरळ चार आडव्या रेघा.